मयत नवरा, शेजारचा प्रियकर आणि गॅसचा ओटीपी: ब्लॅक कॉमेडी लिहिताना या चुका टाळा

मित्रमंडळींची हस्तलिखितं मी वाचून देतो. हल्ली त्यात एक प्रकार वाढलाय. बाईचं प्रेम जडतं, नवरा आडवा येतो, मग नवऱ्यालाच आडवं केलं जातं, आणि हे सगळं हसत हसत सांगायचं असतं. असली एक कादंबरी मीही अर्धवट लिहून ठेवलीय, तेव्हा पुढच्यातल्या निम्म्या चुका माझ्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विनोद लेखकाने करणं. ‘लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा शांत झोपला होता.’ एकदा हसू येतं. दर पानावर असं वाक्य आलं, की वाचक प्रेत सोडून लेखकाकडेच बघायला लागतो. पात्रांची पाचावर धारण बसलेली असते, म्हणून आपल्याला हसू येतं.

माझ्या कादंबरीत नवरा स्वयंपाकघरात पालथा पडलाय. सुनंदा आणि शेजारचा अरविंद घामाघूम. तेवढ्यात बेल वाजते. दारात गॅसवाला, त्याला ओटीपी हवाय. कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, मोबाइल नवऱ्याच्या खिशात आणि खिसा नवऱ्याखाली. पहिल्या खर्ड्यात मी इथे चार उपमा घातल्या होत्या. सगळ्या खोडल्यावर एवढंच उरलं:

“साहेब नाहीत का?”

“आहेत. झोपलेत.”

“मग उठवा ना वहिनी. मला अजून तीन मजले चढायचेत.”

सुनंदा आत आली. अरविंद खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“काय झालं?”

“कंबर. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटलंय.”

“सरका तिकडे. मी करते.”

त्या ‘मी करते’साठी मी ते पान ठेवलं. प्रेमकथेतली दुसरी चूक इथेच होते. खुनाला कारण हवं म्हणून प्रेम चिकटवलेलं असतं. दोघं पावसात एकदा भेटतात आणि थेट विषाच्या बाटलीवर येतात. या दोघांचं जमावं असं वाचकाला मनापासून वाटलं पाहिजे, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही. खून काढून टाकून प्रेमाची प्रकरणं सलग वाचून बघा. कंटाळा आला तर दुखणं तिथं आहे.

नवऱ्याला राक्षस करणं ही त्याच चुकीची बहीण. दारुडा, मारकुटा, वर सावकारही! असा माणूस मेला की वाचक सुटकेचा श्वास टाकतो आणि पुस्तक मिटतो. माझ्या नवऱ्याला मी उशिरा एक सवय दिली: तो रोज रात्री सुनंदासाठी तांब्या भरून उशाशी ठेवायचा. खुनानंतरच्या रात्री ती तहानेने उठते. तेवढं पुरलं.

आता तांत्रिक भाग. रुमालावर क्लोरोफॉर्म टाकून माणूस क्षणात कोसळत नाही, कित्येक मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तो काही गप्प बसत नाही. प्रेत काही तासांत जबडा-मानेकडून ताठरायला लागतं, साधारण बारा तासांत पूर्ण ताठरतं आणि नंतर पुन्हा सैल पडतं. आपल्या उकाड्यात हे सगळं आणखी लवकर होतं. म्हणजे खुर्चीत बसलेला मयत सकाळी बॅगेत भरायला गेलात तर तो बसलेलाच राहील. हे माहीत नसेल तर चूक, माहीत असेल तर अख्खं प्रकरण.

कायद्याचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. त्याआधी केलेल्या खुनाला मात्र जुनं ३०२च. लोकांच्या तोंडी अजून ३०२ आहे, ते संवादात राहू द्या, कागदावर नको. आणि इस्टेटीसाठी खून करणाऱ्या जोडप्यांनो, हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम २५ वाचा: खुनी व्यक्तीला मयताचा वारसा मिळत नाही. तीनशे पानं फ्लॅटसाठी झुरलेल्या बाईला हे शेवटी वकिलाच्या तोंडून कळणं किती छान! एका हस्तलिखितात लेखकालाच ते ठाऊक नव्हतं, आणि बाई शेवटी त्या फ्लॅटच्या गॅलरीत चहा पीत बसली होती.

पोलीस विदूषक करू नका, एवढं सांगून पुढे जातो. पंचनाम्याची भाषा जशीच्या तशी ठेवली तरी काम होतं. ‘सदर मयत इसम’ आणि ‘पंचांसमक्ष’ यांच्यामध्ये स्वयंपाकघरातली अर्धी चिरलेली भेंडी येते, तिची नोंदही त्याच गंभीरपणे होते.

राहिलं मधेच अडकणं. गोष्ट थबकली की बहुतेक जण आणखी एक खून करतात. दुसऱ्या प्रेताने पहिल्याचं वजन कमी होतं, आणि तिसऱ्यापर्यंत वाचक नुसते आकडे मोजतो. त्याऐवजी मागची पानं काढा आणि काय अर्धवट राहिलंय ते शोधा. मी १४० व्या पानावर महिनाभर अडकलो होतो. परत वाचताना दिसलं, की भरलेला सिलिंडर आत आला, पण रिकामा बाहेर गेलाच नाही. मीच विसरलो होतो. मग संध्याकाळी पुन्हा बेल वाजवली.

“वहिनी, रिकामा न्यायचा राहिला. साहेब उठले का?”