'विषयाचे महत्त्व' या परिच्छेदात नेमकं काय लिहायचं?

एम.ए. इतिहासाच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, बहुतेक जण अडतात ते 'विषयाचे महत्त्व' इथे. 'हा विषय अत्यंत महत्त्वाचा आहे' असं लिहून सुटका होत नाही, मार्गदर्शक 'कोणासाठी?' एवढंच विचारतात. माझा विषय दख्खनचे दंगे, म्हणून त्यावरूनच सांगते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. रोख होता कर्जाच्या खतांवर, म्हणजे लेखी करारांवर, आणि हिशेबाच्या वह्यांवर. त्या मिळाल्या की जाळायच्या. लोण नगर जिल्ह्यात गेलं, पण माणसं फारशी मेली नाहीत. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या दुष्काळात मात्र लाखो गेली. म्हणजे मृतांच्या आकड्यावर महत्त्व ठरवायचं, तर सुपे यादीत येणारच नाही.

इथे नवखे विद्यार्थी कारणं लिहीत सुटतात: अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेला आणि मग कोसळलेला कापसाचा भाव, १८६७ नंतर वाढलेला शेतसारा. ही कारणं झाली, महत्त्व नव्हे. त्यानंतर काय बदललं ते बघा. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. नुसत्या खतावर न विसंबता व्यवहार मुळापासून तपासायला कोर्टाला मुभा मिळाली, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याला आळा बसला.

आता खरी गोम. १८५७ च्या उठावाची धास्ती सरकारच्या मनात होती, म्हणून चौकशी कसून झाली आणि कागद भरपूर उरले. दप्तर जाड म्हणून घटना मोठी, असं होत नाही. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांना सरळ 'मिथक' म्हटलं. तोंडी परीक्षेत हे नाव निघतंच, असं धरून चाला. मला त्यांचं अर्धं पटतं: दंगे किरकोळ होते, कायदा मात्र किरकोळ नव्हता.

व्यक्तींना 'काय बदललं' हीच फूटपट्टी लावू नका. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ चं. ते पुढे विस्मरणात गेलं आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. त्या काळावर त्याचा परिणाम शोधायला गेलात, तर हाती फार काही लागणार नाही. पण तेव्हा एक बाई काय विचार करू शकत होती, याचा तो पुरावा आहे. तेव्हा सिनॉप्सिसमध्ये एकच महत्त्व निवडा: घटनेनं काही बदललं, की तिच्यातून काही दिसतं? दोन्ही म्हणायचं असेल, तर दोन्हींचे पुरावे वेगवेगळे द्यावे लागतील.