थीम पार्कचा दिवस आकड्यांवर कसा आखायचा? तालीम करा सारंगखेड्याला

गेल्या मे महिन्यात जळगावहून आम्ही नऊ जण एका थीम पार्कला गेलो. रात्रभर गाडीत अर्धवट झोप, दिवसभर उन्हात रांगा आणि संध्याकाळी मोजल्या तर राईड झाल्या पाच. त्यातल्या एकीसाठी सव्वा तास उभे होतो. का, तर तिची रांग सगळ्यांत आखूड दिसली म्हणून! आजी दर दहा मिनिटांनी विचारायची, "कितला टाइम लागी?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. खरं तर ते काढता येतं, पाचवीचं गणित पुरतं.

पहिली पायरी: रांग मोजायला शिका

रांगेची लांबी पाहू नका, वेग पाहा. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि एकदा फाटक उघडल्यापासून पुन्हा उघडेपर्यंतचा वेळ घ्या. बहुतेक जण नुसती राईड किती मिनिटांची ते धरतात. पण बसवणं, पट्टे तपासणं, उतरवणं यातच जास्त वेळ जातो.

याची तालीम नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत फुकट होते. दत्तजयंतीला घोडेबाजार बघायला तसंही जाताच, तेव्हा आकाशपाळण्यासमोर दोन फेऱ्या होईपर्यंत थांबा. समजा 12 पाळणे, प्रत्येकात चौघं, म्हणजे 48 माणसं. चढणं-उतरणं धरून फेरीला 8 मिनिटं. मिनिटाला 6 जण गेले. तुमच्यापुढे 180 असतील तर अर्ध्या तासाने नंबर. रांगेच्या शास्त्रात हाच 'लिटलचा नियम'. जॉन लिटल यांनी 1961 साली त्याची सिद्धता मांडली.

आता आमच्यासारखी चूक कशी होते ते बघा. समजा एका राईडला 16 जागा, फेरी दर 4 मिनिटांनी, रांगेत 100 माणसं: 25 मिनिटं. शेजारी 24 जागा, फेरी दर दीड मिनिटाने, रांगेत 200 माणसं: साडेबारा मिनिटं. दुप्पट लांब रांग, निम्मा वेळ.

डोकी एकेक मोजत बसू नका. नागमोडी रांगेतला एक पट्टा मोजा आणि पट्ट्यांच्या संख्येने गुणा. एक मेख मात्र आहे. जास्त पैसे मोजून पास घेतलेल्यांना दुसऱ्या दारातून आत सोडतात. 24 जागांपैकी 8 त्यांना जात असतील तर तुमच्या रांगेसाठी 16च धरा.

दुसरी पायरी: दिवस निवडा

इथे चुकलात तर वरचं सगळं गणित फार कामाला येत नाही. मे महिना, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि रविवार कॅलेंडरवर आधीच खोडून टाका. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत गुजरातेतली कुटुंबं फिरायला निघालेली असतात. आपण नंदुरबारकडची माणसं हे जाणतोच, तरी दरवर्षी त्याच आठवड्यात निघतो. शाळा चालू असतानाचा मंगळवार-बुधवार बघा आणि मुलांची एखादी रजा टाका. गूगल मॅप्सवर तासागणिक गर्दीचा आलेख असतो, तोही पाहा.

खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं असेल तर जुलै टाळलेला बरा. आपल्याकडे जळगावात वर्षाकाठी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. घाटाखालच्या खोपोलीत तो त्याच्या कितीतरी पट कोसळतो, आणि विजा-वादळात उघड्यावरच्या राईड थांबवतात.

तिसरी पायरी: घरीच एक तक्ता करा

वहीत चार रकाने आखा: राईड, उंचीची अट, कोण बसणार, पसंती. अटी पार्कच्या संकेतस्थळावर मिळतात. चपला काढून मुलांना दाराच्या चौकटीशी उभं करा आणि पेन्सिलीने खूण करा. दोन सेंटीमीटर कमी भरलं, तर ते रडणं घरीच उरकलेलं बरं.

प्रत्यक्ष त्या दिवशी

पहिला तास सोन्याचा. सगळी गर्दी दारालगतच्या राईडला चिकटते. तुम्ही थेट टोकाला, मिनिटाला सगळ्यांत कमी माणसं घेणाऱ्या राईडकडे जा. तिची रांग पुढे फक्त वाढतच जाते. मोठ्या क्षमतेच्या राईड दुपारीही उरकतात. बाहेरचं खाणं बहुतेक पार्क आत नेऊ देत नाहीत, म्हणून दशम्या-चटणी फाटकाबाहेरच संपवा. मग एक वाजता सगळे जेवायला वळले की तुम्ही राईडवर.

दर तासाला वहीत राईड, डोकी आणि लागलेला वेळ टिपा. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत दहा मिनिटांहून जास्त फरक पडला तर बहुधा राईड मध्येच थांबली असणार. तासभर दुसरीकडे फिरून या.

बंद होण्याच्या वेळी रांगेत असलेल्यांना बसू देतात का, हे सकाळीच विचारून ठेवा. देत असतील तर सगळ्यांत लांब रांग शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखा. मात्र खोपोलीहून कर्जतमार्गे कल्याणला परतणार असाल तर लोकलच्या वेळा वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. तिथे मुंबईसारखी दर चार मिनिटांनी गाडी नाही, आणि कल्याणहून सुटणारी आपली भुसावळकडची गाडी कुणासाठी थांबत नाही.