घरी गाडी धुवायचं सामान: आधी फडकं, मग शॅम्पू, चकाकी सगळ्यात शेवटी

ऑनलाइन 'कार वॉश किट' शोधलं की डझनभर वस्तूंचे कॉम्बो समोर येतात, स्पंज, पिवळं फडकं, डॅशबोर्ड पॉलिश, टायर शाइन, वॅक्सची डबी आणि वर एक एअर फ्रेशनर फुकट. घेऊ नका. त्यातलं निम्मं डिकीत पडून वाळतं आणि जे वापरलं जातं, म्हणजे तो स्पंज आणि ते फडकं, नेमकं त्यानेच गाडीची वाट लागते.

काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर रात्री बेसमेंटमध्ये मोबाइलचा टॉर्च मारून बघा. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतील. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांनी असतात, उजेडाला आडवे जाणारे तेवढे चमकतात म्हणून गोल वाटतात. ह्यांना स्वर्ल मार्क म्हणतात आणि बहुतेक वेळा हे कोरड्या धुळीवर फडकं फिरवून फिरवून झालेले असतात. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिशने ओरखडे जातात असं दुकानदार सांगतो ते खरंय, पण जातात म्हणजे काय तर तो थरच थोडा घासून खाली आणतात, आणि असं गाडीच्या आयुष्यात मोजक्या वेळाच करता येतं. त्यामुळे पैसे घालायचे तर रंगाला जे जे टेकतं त्याच्यावर घाला.

तर पहिली खरेदी मायक्रोफायबर. पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम ते. गाडीचं अंग पुसायला, वॅक्स काढायला ३०० ते ४०० पुरतं, धुतल्यावर पाणी टिपायला ८०० च्या वरचा मोठा टॉवेल नाहीतर पिळाच्या धाग्याचा ट्विस्टेड लूप टॉवेल, आणि काचेला पातळ, चौकटी विणीचं. दुसरी गोष्ट, ८०/२० किंवा ७०/३० असं काहीतरी लिहिलंय का बघा, म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचं प्रमाण. ते दिलेलंच नसेल तर दुकानात कोरड्या फडक्यावरून बोटं फिरवा, रखरखीत कातडीला धागे अडकल्यासारखे वाटले तर माल बरा, सुळकन सरकलं तर नुसतं पॉलिस्टर आहे, ते पाणी टिपत नाही, फक्त ढकलत नेतं. मग कडा बघा. कडेला जाड ओव्हरलॉक शिलाई असेल तर ती कडा मनगटाच्या आतल्या बाजूने ओढून बघा, टोचली तर रंगालाही टोचणार. आणि ते शिवलेलं लेबल कात्रीने कापू नका, उसवून काढा, कापलं की त्याचं कडक बुडखं शिवणीत तसंच राहतं.

जुने बनियन वापरले तर काय होतं असं विचारणारे असतातच. बनियन मऊ असतो मान्य, पण सुती कापड धूळ आत ओढून घेत नाही, ती वरच राहते आणि तुम्ही तीच पुढे घासत नेता. सिग्नलला मिळणारं पिवळं फडकं तर चाकालाच ठेवा. झटकायचा वॅक्सवाला डस्टर, आपल्या पुण्याच्या जोपासूचा बऱ्याच गाड्यांत असतो तसा, तो हलक्या कोरड्या धुळीला ठीक आहे, न दाबता एका दिशेने. गाडी दमट असेल, दव पडलेलं असेल, किंवा शेजारी बांधकाम चालू असून त्याची रेती बसलेली असेल तर डस्टरला हात लावू नका.

स्पंजऐवजी मिट घ्या, तो हातमोज्यासारखा जाड लोंबत्या धाग्यांचा असतो. स्पंजचं तोंड सपाट, रेतीचा कण त्याच्यात आणि रंगात चिमटला जातो, मिटच्या धाग्यांत तो आत जाऊन बसतो. पण बसला की तो काढायलाही पाहिजे, म्हणून दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. एक दरवाजा झाला की मिट आधी साध्या पाण्यात खळखळून पिळायचा मग शॅम्पूत. बादलीच्या तळाला ठेवायची ग्रिट गार्ड नावाची जाळी मिळते, नाही मिळाली तर बादलीत घट्ट बसेल अशी प्लॅस्टिकची रोळी उलटी टाका, काम तेच. पहिल्यांदा करून झालं की साध्या पाण्याची बादली पाच मिनिटं तशीच ठेवा आणि मग हळूच ओतून तळाशी काय राहिलं ते बघा, काळी बारीक रेती असते, बोटांत चोळली की कचकचते. एरवी हे सगळं बॉनेटवर फिरलं असतं.

शॅम्पूचं फार डोकं लावायची गरज नाही. पीएच न्यूट्रल (म्हणजे आम्लही नाही, अल्कलीही नाही) लिहिलेला कुठलाही बऱ्या कंपनीचा कार शॅम्पू चालतो, लिटरभर आणला तर वर्ष जातं कारण बादलीला झाकणभरच लागतो. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं काही नाही, शॅम्पूचं खरं काम मिट निसरडा ठेवणं. भांड्यांचं लिक्विड तूप-तेल काढायला बनवलेलं असतं, ते गाडीवरचं वॅक्सही घेऊन जातं, आणि कपड्यांची पावडर तर चांगलीच अल्कली असते, तिचे न विरघळलेले दाणे वेगळेच. कुणी म्हणेल आमचे काका वीस वर्षं पावडरनेच धुतात. काकांच्या गाडीचं छप्पर बघून या.

आता पाणी, ह्याबद्दल कुणी बोलत नाही आणि आपल्याकडे निम्मा घोळ इथेच आहे. पुण्यात, नाशकात, संभाजीनगरात पार्किंगच्या नळाला बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असतं. क्षार इतके की उन्हात पाच मिनिटं वाळलं की पांढरे गोल डाग, आणि ते तसेच तापत राहिले तर क्लिअर कोटमध्ये खड्डे पाडतात, मग धुऊनही जात नाहीत. दोनएकशे रुपयांत टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, मिळतो, एक घेऊन टाका, घरच्या पाण्यालाही कामाला येतो. पिण्याच्या पाण्याला बीआयएसने (भारतीय मानक ब्युरोने) लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा ठरवली आहे, पार्किंगचा नळ त्याच्या वर दाखवत असेल तर शेवटचं पाणी दुसरं वापरा. आणि इथे एक गंमत होते, पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक आरओचं टाकाऊ पाणी साठवून त्याने गाडी धुतात. हेतू चांगला, पण आरओने काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, म्हणजे नळापेक्षाही जड. ते चाकं, मडगार्डच्या आतली बाजू, खालचा चिखल ह्यासाठी वापरा, रंगावरून शेवटचा हात त्याचा नको. त्याउलट एसीच्या पाइपमधून टपकणारं पाणी हवेतली वाफ थंड होऊन आलेलं, त्यात क्षार जवळपास नसतातच. उन्हाळ्यात बादली लावून ठेवा, फडक्याने गाळून घ्या, शेवटी ओतायला झकास. डाग पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, फडक्यावर घेऊन मिनिटभर टेकवायचं, मग धुऊन टाकायचं, गाडी गार आणि सावलीत असताना.

पाण्याचीच बोंब असेल, सोसायटीत पाइप लावू देत नसतील (बंगळुरूत तर मार्च २०२४ मध्ये पिण्याचं पाणी गाडीला वापरलं तर ५००० रुपये दंड लावला होता), तर रिन्सलेस वॉश नावाचा प्रकार बघा. ऑप्टिमम नो रिन्स हे त्यातलं जुनं नाव, साधारण ३० मिली साडेसात लिटर पाण्यात. बाटली महाग वाटते पण एका बादलीत पूर्ण गाडी होते आणि वरून पाणी ओतायचं नसतं. सात-आठ फडकी त्यात बुडवून ठेवायची, एक घ्यायचं, चौघडी करायची म्हणजे आठ बाजू मिळतात, एका बाजूने एक पट्टा, मग बाजू बदल. घाण झालेलं फडकं परत बादलीत टाकायचं नाही, ही एक अट पाळली तर बाकी सोपं आहे. पावसाळ्यात सिंहगड नाहीतर माळशेजवरून चिखल माखून आलात तर मात्र हे चालणार नाही, आधी पाण्याने चिखल उतरवायलाच लागतो.

त्यासाठी प्रेशर वॉशर घ्यावा का? स्वतःचं अंगण, नळ आणि प्लग पॉइंट असेल तर घ्या, बादलीतून पाणी ओढणारा म्हणजे सेल्फ सक्शनवाला बघून घ्या, कारण आपल्या नळांना दाब कधी असतो कधी नसतो. घरगुती मशीन १००-१३० बारची मिळतात, गाडीला तेवढं भरपूर झालं, नोझल फूटभर लांब धरा आणि रेडिएटरच्या जाळीवर, स्टिकरवर, रंग उडालेल्या जागेवर मारू नका. फ्लॅटवाल्यांना हाताने हवा भरायचा दोन लिटरचा स्प्रे पंप बास होतो. गावाकडे तर शेतातला फवारणी पंप घरात असतोच, पाणी मारायला एक नंबर, फक्त ज्यात औषध मारलंय तो नको, नवीन टाकीचा वेगळा ठेवा.

चाकांचं सामान वेगळं ठेवायचं, बादलीसकट. ब्रेकमधून उडणारी काळी पूड लोखंडी असते आणि ती मिटला लागली की संपलं. ब्रशसाठी हार्डवेअरच्या दुकानातला दोन इंची रंगाचा ब्रश घ्या, पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळा म्हणजे अलॉयला ओरखडा येत नाही. अॅसिडवालं व्हील क्लीनर टाळा. टायर शाइन घ्यायचंच तर वॉटर बेस्ड घ्या, ते तेलकट चमचमीत प्रकार दुसऱ्या दिवशी दरवाज्यावर शिंतोडे उडवतात. टायरच्या बाजूलाच लावा, रस्त्याला टेकतो तिथे अजिबात नाही, आणि बाइकच्या टायरला तर लावूच नका, वळणावर जीवाशी खेळ आहे.

काही डाग शॅम्पूला ऐकत नाहीत. डांबराचे ठिपके, त्याला टार रिमूव्हर किंवा फडक्यावर थोडंसं रॉकेल, चोळत बसायचं नाही, ओलं करून थांबायचं, ठिपका सैल झाला की टिपायचं आणि मागे तेलकटपणा राहतो म्हणून तेवढा भाग शॅम्पूने परत धुवायचा. पक्ष्यांची विष्ठा दिसली की त्याच दिवशी, ओलं फडकं ठेवून मऊ करून. आंब्याखाली गाडी लावत असाल तर मोहराच्या दिवसांत काचेवर जो चिकटा पडतो तो झाडाचा डिंक नसतो, तुडतुड्यांचा असतो, कोमट पाणी आणि शॅम्पूने निघतो पण लगेच काढला तर. कोकणात, गोव्यात किनाऱ्याजवळ राहत असाल तर वरच्या चकाकीपेक्षा गाडीच्या पोटात पाणी मारायला जास्त वेळ द्या, मीठ तिथे बसतं. आणि दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू संध्याकाळीच हलक्या हाताने धुऊन घ्या, पांढऱ्या गाडीवर कुंकवाचा लालसर डाग मागे राहतो, शिवाय झेंडूच्या माळेची तार ग्रिलला बांधताना रंगाला लागत नाही ना बघा.

क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटून बसलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, ही मात्र वर्षातून एकदाच लागणारी वस्तू. धुतलेल्या कोरड्या बॉनेटवर हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. गुळगुळीत लागलं तर क्ले नको, बारीक खरखर लागली तर भरपूर शॅम्पूच्या पाण्यात क्ले फिरवायचा, जोर न लावता. जमिनीवर पडला की टाकून द्यायचा, धुऊन परत नाही. क्ले केल्यावर वॅक्स निघून जातं, म्हणून त्यानंतर लगेच नवीन थर द्यायचा असतो.

राहिली चकाकी. कार्नोबा वॅक्स (एका ताडाच्या पानांपासून काढलेलं मेण) छान दिसतं पण आपल्या उन्हात महिना-दोन महिन्यांत उतरतं. सिंथेटिक सीलंट त्यापेक्षा टिकतं, आणि हल्ली मिळणारे सिरॅमिक स्प्रे लावायला सगळ्यात सोपे, धुतल्यावर मारा, पसरवा, दुसऱ्या फडक्याने पुसा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात पावसाआधी आणि पाऊस संपल्यावर. बाटलीवर ९एच लिहिलेलं असतं ते पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याबिऱ्याशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे ओरखडे पडणारच नाहीत असं कुणी सांगितलं तर हसून पुढे जा. काळ्या प्लॅस्टिकवर वॅक्स जाऊ देऊ नका, पांढरं होतं. पुढच्या काचेवर सिलिकॉनवालं काहीही नको, वायपर थडथडतो आणि रात्री समोरच्या लाइटने दिसत नाही.

सुरुवातीला मायक्रोफायबरचा अर्धा डझन, एक मोठा टॉवेल, मिट, शॅम्पू आणि एक जास्तीची बादली घ्या, दीड-दोन हजारांत होतं सगळं, स्प्रे पुढच्या महिन्यात. सोसायटीत महिन्यावर गाडी पुसणारे दादा असतील तर दोन फडकी तुमची त्यांना द्या, त्यांच्याकडे एक बादली आणि चाळीस गाड्या असतात, त्यांचा दोष नाही. पाणी मारल्याशिवाय पुसू नका एवढं सांगा, घाई असेल त्या दिवशी फक्त काचा पुसल्या तरी चालेल म्हणावं.

फडकी धुताना कम्फर्टसारखं सॉफ्टनर घालू नका, धागे बुजतात आणि पाणी टिपायचं थांबतं. सुती टॉवेलांबरोबर मशीनला टाकू नका, त्याचा सगळा कापूस ह्यांना चिकटतो. पातळ लिक्विड, साधं पाणी, सावलीत वाळवणं, मग झाकणाच्या डब्यात. धुताना एखादं जमिनीवर पडलं तर झटकून परत वापरायचं नाही, ते त्या क्षणापासून दरवाज्याच्या फटींना, तिथून चाकाला आणि शेवटी बाइकच्या चेनला.