जुन्या हवामान-नोंदींवरून भूतकाळ मांडताना या चुका टाळा

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली आणि १८४१ पासून तेथे हवामानाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. एवढा लांब पल्ला असलेल्या नोंदी भारतात फार थोड्या ठिकाणी आहेत, त्यामुळे त्यांच्या आधारे मुंबईचे जुने हवामान मांडण्याची ओढ अभ्यासकांना वाटणे रास्त आहे. मात्र आलेखात अचानक पायरी दिसली, तर हवामान बदलले असे म्हणण्यापूर्वी उपकरण, जागा, वेळ किंवा लिहिण्याची रीत बदलली होती का, हे पाहिले पाहिजे. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्याने होतात.

तारखेची चूक सर्वांत सहज होते. पावसाचा दिवस सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या साडेआठपर्यंत धरतात आणि मोजलेला पाऊस मोजणीच्या तारखेखाली लिहितात. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस मुंबईकरांच्या तोंडी २६ जुलै २००५ चा असला, तरी नोंदीत तो २७ तारखेला येतो. वर्तमानपत्रे, रोजनिश्या आणि वेधशाळेचे आकडे एकमेकांशी ताडताना ही एका दिवसाची सरक ध्यानात घेतली नाही, तर खरी माहिती विसंगत ठरवून बाद केली जाते. घड्याळाचेही तसेच आहे: भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली, पण तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती.

सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. एका ठिकाणच्या नोंदीतील खंड दुसऱ्या ठिकाणचे दैनिक आकडे घालून भरणे किती धोक्याचे आहे, हे यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही. मासिक सरासरी तापमानासाठी शेजारचे केंद्र उपयोगी पडते; पावसाळ्यातील एका दिवसाच्या पावसासाठी त्यावर विसंबू नये.

जुन्या वह्यांत पाऊस इंच आणि सेंटमध्ये असतो, आणि सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. ‘२ इंच ५ सेंट’ हे २.०५ इंच, म्हणजे ५२ मिलिमीटर; घाईत ते २.५ लिहिले की ६३.५ मिलिमीटर होतात. एवढ्या फरकाने आकडा अविश्वसनीय वाटत नाही, त्यामुळे ही चूक कोणत्याही चाळणीत सापडत नाही. मूळ पानाशी पडताळणी हाच उपाय.

पाऱ्याच्या वायुभारमापकाकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण उष्णतेने पारा प्रसरण पावतो. मुंबईच्या ३० अंश सेल्सिअस तापमानात स्तंभ शून्य अंशाच्या मानाने सुमारे पावणेचार मिलिमीटर उंच दिसतो, म्हणजे हवेचा दाब जवळपास ५ हेक्टोपास्कल (दाबाचे आजचे एकक) जास्त. म्हणून रकान्यातील आकडा वाचलेला आहे की शून्य अंशावर आणलेला, गुरुत्वाची आणि समुद्रसपाटीची दुरुस्ती केलेली आहे की नाही, हे प्रत्येक वर्षासाठी ठरवावे. एकच दुरुस्ती दोनदा केली जाण्याचा धोकाही असतोच. शिवाय आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, त्यामुळे निरीक्षणाची वेळ बदलल्यानेही सरासरी दोन-तीन हेक्टोपास्कलनी सहज हलते.

तापमानाच्या बाबतीत निवारा पाहावा. गवताने शाकारलेल्या उघड्या शेडखालचा तापमापक आणि स्टीव्हन्सन पेटीतला, म्हणजे झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीतला, तापमापक दुपारी सारखे आकडे देत नाहीत. कमाल-किमानाची सरासरी आणि तासागणिक नोंदींची सरासरी याही एकाच रकान्यात मिसळू नयेत.

रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. फेब्रुवारीत तो कोरडा दिवस असू शकतो, पण जुलैत नोंद राहून गेल्याचीच शक्यता जास्त, आणि त्यानंतरचा मोठा आकडा अनेक दिवसांचा साचलेला पाऊस असू शकतो.

शेवटी, संगणकाने शोधलेली प्रत्येक पायरी दुरुस्त करू नये. वेधशाळेच्या अहवालात तिचे कारण सापडले किंवा शेजारच्या केंद्रांशी तुलना करताना तीच पायरी ठळक दिसली, तरच आकडे बदलावेत, आणि तेव्हाही मूळ रकाना जसाच्या तसा ठेवून दुरुस्त आकडे, तारीख आणि कारण वेगळ्या रकान्यांत लिहावेत.