स्टार ट्रेकच्या विश्वात चाहत्यांचा चित्रपट कसा करावा

पटकथा लिहायला बसण्यापूर्वी, अंतराळयानातील सफरींवरच्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या तेव्हाच्या हक्कधारक कंपन्या सीबीएस आणि पॅरामाउंट यांनी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी जून २०१६ मध्ये जाहीर केलेली नियमावली नीट वाचावी, कारण कथेची लांबी तीच ठरवते: एक भाग १५ मिनिटांच्या आत आणि फार तर दोन भाग मिळून ३० मिनिटे. मूळ प्रसंग पुन्हा चित्रित करता येत नाहीत. शीर्षकात 'स्टार ट्रेक' हे शब्द चालत नाहीत, मात्र ही चाहत्यांची निर्मिती असल्याचे उपशीर्षक द्यावेच लागते. वर्गणी ५०,००० डॉलरपर्यंत गोळा करता येते, परंतु कलाकार आणि तंत्रज्ञ हौशी व बिनमोबदला काम करणारे हवेत.

इतक्या कमी वेळात अंतराळयुद्ध दाखवण्याचा मोह आवरावा. यानातील एकाच कक्षात दोन-तीन पात्रांमध्ये उभा राहिलेला पेच माझ्या मते अधिक रंगतो. यानाला बसलेला हादरा जुन्याच युक्तीने साधतो: कॅमेरा तिरका करायचा आणि त्याच क्षणी सर्वांनी ठरलेल्या बाजूला झोकांडी खायची. एखादा उलट बाजूला कलंडला, की प्रसंग विनोदी झालाच म्हणून समजा. संवादांखाली इंजिनाची मंद, अखंड घरघर ठेवली, तर पुठ्ठ्याच्या भिंतीसुद्धा खऱ्या वाटू लागतात. पूर्ण झालेला चित्रपट विनामूल्यच दाखवावा. त्यावर जाहिरातींचे उत्पन्नही घेता येत नाही.