चार दिवसांची परदेशवारी: विमानाचं स्वस्त तिकीट कसं शोधावं

स्वस्त तिकिटांबद्दलचे बहुतेक सल्ले लांब सुट्टीवाल्यांसाठी असतात. दोनदा विमान बदला, मधल्या विमानतळावर रात्र काढा, पहाटे तीनला उतरा, वगैरे. हाताशी तीन-चारच दिवस असतील तर हेच सल्ले अंगाशी येतात. दोन आठवड्यांच्या सहलीत एक दिवस प्रवासात गेला तरी खपून जातो. चार दिवसांच्या सहलीत मात्र तेवढ्यानं पाव सहल संपते. त्यामुळे इथे भाड्याच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा मांडावा लागतो: तिथे जागेपणी किती तास मिळणार?

तारखा ठरवा, ठिकाण मोकळं ठेवा

आपण बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतो आणि मग भाडं बघतो. असं केलं की घासाघीस करायला काही उरतच नाही. छोट्या सुट्टीत रजेच्या तारखा फारशा हलत नसतात, मग निदान ठिकाण तरी हलू द्यावं. गूगल फ्लाइट्समध्ये ‘एक्सप्लोर’ नावाचा नकाशा आहे. निघण्याचं शहर आणि तारखा भरायच्या, पोहोचण्याची जागा रिकामी सोडायची. नकाशावर शहरोशहरीची भाडी दिसतात. स्कायस्कॅनर या भाड्यांची तुलना करणाऱ्या साइटवर शहराच्या जागी ‘एव्हरीव्हेअर’ निवडलं की देशांची स्वस्त ते महाग अशी यादी येते. कायक या तशाच साइटवरही असा नकाशा आहे.

यादी आली की लगेच दोन चाळण्या लावा. पहिली, फक्त थेट विमानं. दुसरी, उड्डाणाचे तास. तीन रात्रींसाठी एका बाजूचा चार-पाच तासांपेक्षा लांब प्रवास करू नये, असं माझं मत आहे; त्याहून लांब जायचं तर निदान पाच रात्री हव्यात. घड्याळाचाही विचार करा. पूर्व-पश्चिम प्रवासात झोपेची घडी विस्कटते, त्यातही पूर्वेकडे जाताना जास्त. शरीर साधारण दिवसाला एखाद्या तासाच्या वेगानं नव्या वेळेला रुळतं, म्हणजे सहा तासांच्या फरकाच्या गावी तुम्ही रुळाल तोवर परतीचं विमान आलेलं असेल. उत्तर-दक्षिण प्रवासात हा त्रास जवळजवळ नसतो. तेवढ्याच तासांची दोन उड्डाणं समोर असतील तर उत्तर-दक्षिण जाणारं निवडा.

एखादं भाडं फारच कमी दिसलं तर त्यामागे कारण असतं. कॅरिबियन बेटांवर जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो आणि भाडी उतरण्यामागे तेही एक कारण असतं. दोन-तीन आठवडे असतील तर पावसाचे दोन दिवस सोसता येतात, पण तीनच दिवस असताना तो जुगार ठरतो. उलटही होतं. विमान परवडतं, पण तिकडे सण असल्यानं हॉटेलं भरलेली असतात. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा ‘गोल्डन वीक’, थायलंडमध्ये १३ एप्रिलपासूनचा सोंगक्रान, चिनी नववर्ष. आपल्या कॅलेंडरइतकंच त्यांचंही कॅलेंडर बघावं.

तिकिटाच्या आधी व्हिसा आणि पासपोर्टचं बघा. व्हिसाचं शुल्क आणि त्याला लागणारे आठवडे मोजल्यावर ‘स्वस्त’ देश कधीकधी यादीतून आपोआप गळतो. युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांतून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर पासपोर्टची निदान तीन महिने मुदत शिल्लक लागते आणि तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो. सिंगापूर, इंडोनेशियासारखे देश सहा महिन्यांची मुदत मागतात. मुदत कमी असली तर विमानात बसूच देत नाहीत.

वार हलवून बघा

शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत, हे सगळ्यांनाच हवं असतं, म्हणून ते महाग असतं. एक-दोन दिवसांची रजा जोडता आली तर सुट्टी शनिवारी सकाळ ते मंगळवार अशी किंवा गुरुवार ते रविवार दुपार अशी सरकवून बघा. गूगल फ्लाइट्सच्या तारखांच्या तक्त्यात जाण्याचे दिवस एका बाजूला आणि येण्याचे दुसऱ्या बाजूला मांडलेले असतात. भाडं कुठे घसरतं ते एका नजरेत कळतं.

जुन्या, मोठ्या विमानकंपन्यांच्या बाबतीत शनिवारची रात्र तिकडे काढणं फायद्याचं ठरू शकतं. कामासाठी जाणारा माणूस शनिवार-रविवार घरी परततो आणि त्याचं तिकीट त्याची कंपनी भरते, त्यामुळे त्याच्याकडून जास्त पैसे काढता येतात. त्याला सुट्टीवाल्यापासून वेगळं काढण्यासाठी विमानकंपन्यांनी शनिवारच्या रात्रीची अट फार पूर्वी आणली आणि काही मार्गांवर ती आजही चालते. स्वस्त विमानकंपन्या प्रत्येक बाजूचं तिकीट सुटं विकतात, त्यामुळे तिथे सहसा ही भानगड नसते.

रात्रीची विमानं स्वस्त असतात आणि हॉटेलची एक रात्रही वाचते, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. सकाळी सहाला उतरलात आणि खोली दुपारी दोन-तीनला मिळणार असेल, तर अर्धा दिवस बॅग सांभाळत आणि जांभया देत जातो. हॉटेलात सामान ठेवून घेतात का, हे आधी विचारून घेतलं तरच ही बचत खरी.

भाडं असं वरखाली का होतं

हे एकदा समजलं की निम्म्या अफवा आपोआप गळून पडतात. एकाच विमानातल्या, एकाच इकॉनॉमी वर्गातल्या जागा वेगवेगळ्या भाव-गटांत विभागलेल्या असतात. प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर असतं. स्वस्त गटातल्या जागा संपल्या की पुढचा, महाग गट उघडतो. विक्री थंडावली की कंपनी पुन्हा खालचा गट उघडू शकते. कुठल्या गटात किती जागा ठेवायच्या हे त्या मार्गाच्या आधीच्या विक्रीवरून गणितं मांडून ठरवतात आणि ती गणितं सतत बदलत राहतात.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. चौघांसाठी एकदम शोधलंत आणि स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक ठिकाणी चौघांनाही वरच्या गटाचं भाडं दिसतं. म्हणून आधी एकासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग सगळ्यांसाठी. मध्येच माणशी भाडं वाढलं तर तिकिटं दोन वेगळ्या बुकिंगमध्ये काढता येतात. फक्त विमान रद्द झालं तर दोन्ही बुकिंगना वेगवेगळं विमान मिळू शकतं, त्यामुळे लहान मूल आणि त्याच्यासोबतचं मोठं माणूस कायम एकाच बुकिंगमध्ये ठेवा.

तोच मार्ग पुन्हा पुन्हा शोधला की कंपनी तुम्हाला ओळखून भाव वाढवते, म्हणून ब्राउझरची गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकी वापरा, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. दोन शोधांच्या मध्ये भाडं वाढलेलं दिसतं हे खरंच, पण तेवढ्या वेळात स्वस्त गट संपलेला असणं किंवा साइटनं जुना आकडा दाखवलेला असणं, ही कारणं जास्त पटण्यासारखी आहेत. गुप्त खिडकीनं नुकसान काही नाही. त्यावर भिस्त ठेवू नका, इतकंच. ‘मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढा’ हेही त्याच पंगतीतलं. कुठल्या वारी *विकत घेता* यापेक्षा कुठल्या वारी *उडता* याचा परिणाम कितीतरी मोठा असतो.

मग घ्यावं कधी? जवळच्या देशांसाठी साधारण एक ते तीन महिने आधी, लांबच्यांसाठी दोन ते सहा महिने आधी बघायला सुरुवात करावी. शाळांच्या सुट्ट्या किंवा नाताळ-नववर्ष असेल तर याहूनही आधी. शेवटच्या आठवड्यात भाडी कोसळतील या आशेवर बसू नका. शेवटच्या दिवसांत तिकीट घेणारा माणूस गरजू असतो, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यापेक्षा दोन-तीन मार्गांवर भाड्याचा अलर्ट लावा, एक-दोन आठवडे त्या मार्गाचं नेहमीचं भाडं डोळ्याखालून जाऊ द्या आणि मनाशी एक आकडा ठरवा. भाडं त्याच्या खाली आलं की तिकीट घ्या आणि नंतर बघणं बंद करा.

कुठल्या विमानतळावर उतरणार?

छोट्या सुट्टीचा खरा घात इथे होतो. शोधताना विमानतळाऐवजी शहराचा कोड टाकला, जसं लंडनसाठी एलओएन किंवा टोकियोसाठी टीवायओ, की त्या शहराचे सगळे विमानतळ एकदम तपासले जातात. भाडं त्यानं उतरतं, पण उतरलेलं भाडं बऱ्याचदा शहरापासून दूर उतरवतं. ‘पॅरिस’ म्हणून विकलं जाणारं बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ऐंशीहून जास्त किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्टचं नाव लावणारं हान तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. टोकियोत हानेडा शहराला लागून आहे, नारिता साठेक किलोमीटर लांब.

दूरचं विमानतळ वाईटच असतं असं नाही. मिलानजवळचं बेर्गामो पन्नासेक किलोमीटरवर आहे, पण बसची सोय चांगली आहे आणि बेर्गामो गावच दोन दिवस राहण्याजोगं आहे. म्हणून प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारा. शहरापर्यंतचं बस-रेल्वेचं भाडं किती, वेळ किती आणि माझं विमान उतरेल तेव्हा शेवटची गाडी गेलेली असेल का? रात्री साडेअकराला उतरून टॅक्सीशिवाय पर्याय नसेल, तर तिकिटात वाचवलेलं सगळं तिथेच जातं.

बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, इस्तंबूलला युरोपच्या बाजूचं नवं विमानतळ आणि आशियाच्या बाजूचं सबिहा गोकचेन, असे दोन-दोन विमानतळ आहेत. मध्ये विमान बदलणार असाल तर उतरण्याचं आणि पुढे निघण्याचं विमानतळ एकच आहे ना, हे नीट वाचा.

दिसणारं भाडं आणि भरावं लागणारं भाडं

‘बेसिक’ किंवा ‘लाइट’ नावाच्या भाड्यात बऱ्याचदा फक्त सीटखाली मावेल एवढी पिशवी असते. डोक्यावरच्या कप्प्यातली बॅग, चेक-इन बॅग, जागेची निवड, खाणं, काउंटरवर बोर्डिंग पास छापणं, सगळ्याला वेगळे पैसे. सगळं जोडलं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून तुलना करताना दोन्ही कंपन्यांच्या साइटवर जाऊन तुमची खरी बॅग जोडा, पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचा आणि तिथले आकडे समोरासमोर ठेवा. पुष्कळदा मोठ्या कंपनीचं बॅगेसकट तिकीट तेवढ्यालाच पडतं, वर वेळही बरी असते.

चार दिवसांसाठी चेक-इन बॅग लागत नाही. हातसामानातच भागवलं तर पैसे वाचतात आणि बॅगेच्या पट्ट्यापाशीचा अर्धा तासही. बॅग घरीच चाकांसकट मोजा आणि तिचं वजन करा. एअरएशियासारख्या कंपन्यांची हातसामानाची मर्यादा सात किलो आहे आणि गेटवर भरावा लागणारा दर आधी ऑनलाइन भरलेल्या दरापेक्षा बराच जास्त असतो.

दोन सुटी तिकिटं

जाताना एका कंपनीचं आणि येताना दुसऱ्या कंपनीचं तिकीट स्वस्त पडत असेल तर बेलाशक घ्या. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतणंही छोट्या सुट्टीत फायद्याचं असतं, मागे फिरण्यातला अर्धा दिवस वाचतो. ‘मल्टी-सिटी’ पर्यायात दोन्ही भरून बघा आणि सुट्या एकेरी तिकिटांशी ताडून घ्या.

जाण्याच्याच वाटेत दोन कंपन्यांची तिकिटं स्वतः जोडणं मात्र वेगळी गोष्ट. पहिलं विमान उशिरा पोहोचलं आणि दुसरं सुटलं, तर दुसरी कंपनी तुमची जबाबदारी घेत नाही. मध्ये सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. तीन दिवसांच्या सहलीत हा धोका मला तरी परवडण्यासारखा वाटत नाही. लांबचं तिकीट काढून मधल्याच शहरात उतरून जाण्याची युक्तीही टाळा. चेक-इन सामान शेवटच्या गावी जातं, एक टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे, परतीसकट, रद्द होतात आणि विमानकंपन्यांच्या अटींमध्ये ते बसतही नाही. लुफ्थान्झा या जर्मन विमानकंपनीनं तर अशा एका प्रवाशाला कोर्टात खेचलं होतं.

पैसे भरताना आणि नंतर

शोधायला तुलना करणाऱ्या साइट, पण विकत घ्यायला शक्यतो विमानकंपनीचीच साइट. एजंट साइटवर थोडं कमी दिसतं, पण वेळ बदलली किंवा विमान रद्द झालं की कंपनी एजंटाकडे बोट दाखवते आणि एजंट कंपनीकडे. सुट्टी छोटी असली की त्या फोनाफोनीत ती संपते. फरक खरंच मोठा असेल तरच एजंटाकडे जा आणि त्याचे रद्द करण्याचे नियम आधी वाचा.

परदेशी साइट ‘तुमच्या चलनात पैसे भरा’ असं सुचवते तेव्हा सहसा त्यांचा स्वतःचा, महागडा विनिमय दर लावलेला असतो. कंपनीच्या मूळ चलनात भरणं बहुधा स्वस्त पडतं. तुमचं कार्ड परदेशी व्यवहारावर किती टक्के घेतं तेवढं आधी बघा.

नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहा. स्पेलिंग दुरुस्तीला बऱ्याचदा पैसे लागतात आणि काही स्वस्त भाड्यांत नाव बदलताच येत नाही. अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या विमानाचं तिकीट निघण्याच्या सात किंवा जास्त दिवस आधी थेट कंपनीकडून घेतलं, तर कंपनीला एक तर चोवीस तासांत फुकट रद्द करू द्यावं लागतं किंवा त्याच भावात चोवीस तास राखून ठेवावं लागतं. इतरत्र हे कंपनीच्या मर्जीवर असतं, पण सोय असेल तर तेवढ्या वेळात तारखा, नावं आणि विमानतळ पुन्हा एकदा तपासून घ्या. भाडं चुकून फारच कमी लागलेलं वाटत असेल तर हॉटेलचे परत न मिळणारे पैसे लगेच भरू नका. कंपनी असं तिकीट रद्द करू शकते, म्हणून तिकीट पक्कं झाल्यावर काही दिवस थांबा.

ऑनलाइन चेक-इन कधी उघडतं आणि कधी बंद होतं ते दोन्ही बाजूंसाठी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. परतीचं चेक-इन सुट्टीच्या गडबडीत विसरलं जातं आणि काही कंपन्या काउंटरवर त्याचेही पैसे घेतात.