चवथ संपली, आता एल्मकडे बघा

गणपतीवर टांगलेली फळा-भाज्यांची माटोळी उतरवून झाली, गणपती पोचवून झाले, आणि मधले आठ दिवस कुणी कुंड्यांकडे बघितलंच नाही, बहुतेक घरांत हीच परिस्थिती असणार. आमच्याकडे पण तीच. मागच्या परसातला एल्म असा सुटलाय की ह्याला बोन्साय म्हणायचं की कुंपण कळत नाही, चारी बाजूंनी दीड-दीड फुटाच्या काठ्या. आई बघून म्हणाली, "ह्याला आता न्हाव्याकडे ने." पण खरं सांगू का, मला हे असं सुटलेलंच झाड हवं होतं. गोव्यात एल्मचं खोड भरतं ते ह्याच चार महिन्यांत, आणि जो माणूस जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी कात्री घेऊन शेंडे खुडत बसतो त्याचं झाड पाच वर्षांनी पण पेन्सिलीएवढंच राहतं, मग तोच विचारतो की खत कुठलं घालू.

एल्म म्हणजे इथं चायनीज एल्म, उल्मस पार्विफोलिया, बारीक करवती कडेची पानं असलेला, नर्सरीत एस आकाराचं खोड करून विकतात तो. आपल्या डोंगरउतारावरचा वावळ पण ह्याच घराण्यातला, मार्च-एप्रिलला ज्याच्या पापडीसारख्या गोल पंखवाल्या बिया उडत येतात आणि ज्याचं पान चुरगळलं की उग्र वास मारतो. वावळाचं रोप फुकट मिळतं, पण पान हाताच्या पंजाएवढं, त्यामुळे तो दोन-अडीच फुटाच्या मोठ्या बोन्सायलाच शोभतो. हात बसवायला म्हणून एखादा जरूर लावा. पुढचं सगळं मात्र चायनीज एल्मबद्दल.

एक गोष्ट आधी डोक्यातून काढा. यूट्यूबवरचे बरेचसे एल्मचे व्हिडिओ थंड मुलखातले असतात, झाड झोपलंय तोवर कापा, कळ्या फुगल्या की कुंडी बदला वगैरे. आपला एल्म झोपतच नाही. थंड ठिकाणी तो सगळी पानं गाळतो, उबदार हवेत जवळजवळ बारा महिने हिरवा असतो, इथं डिसेंबर-जानेवारीत थोडी जुनी पानं पिवळी होऊन पडतात तेवढंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यापेक्षा दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगकडची लिंगनान पद्धत बघा, तिकडं पण हवा दमट आणि उन्हाळ्यात धो धो पाऊस, म्हणून त्यांचं बरंचसं काम फांद्या वाकवायच्या तारेपेक्षा कात्रीवर चालतं. वाढू द्यायचं, कापायचं, परत वाढू द्यायचं. आपल्या हवेला हेच बसतं असं माझं मत आहे.

आता ह्या पंधरवड्यात काय करायचं ते. पाऊस पूर्ण थांबायची वाट बघू नका, दोन दिवस उघडीप मिळाली की कात्री काढा. एल्मची पानं काडीवर एक डावीकडे एक उजवीकडे अशी आळीपाळीनं असतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. ज्या पानाच्या जरा वर कापाल तोच डोळा पुढे फुटणार आणि नवी फांदी त्या पानाच्या दिशेनं जाणार. म्हणजे फांदी कुठं वळवायची हे तुम्ही पान निवडतानाच ठरवता. काडी हातात धरा, बुडापासून पानं मोजा, पहिलं, दुसरं, तिसरं, आणि बाहेरच्या बाजूला बघणारं दुसरं किंवा तिसरं पान ठेवून वरचं सगळं उडवा. आत खोडाकडे किंवा सरळ वर बघणारं पान शेवटचं ठेवलंत तर दोन महिन्यांनी फांद्या एकमेकींत घुसलेल्या दिसतील. प्रत्येक कापाला फांदीला छोटा कोपरा येतो, असे चार-पाच कोपरे झाले की फांदी म्हाताऱ्या झाडाची वाटायला लागते, आणि हे तारेनं कितीही वाकवलं तरी येत नाही.

सगळ्याच काठ्या मात्र कापू नका. खोडाच्या बुडाजवळ मागच्या बाजूची एक काठी तशीच सोडा, ती जितकी लांब जाईल तितकं तिच्या खालचं खोड जाड होतं, काम झालं की एक-दोन वर्षांनी ती मुळातून काढायची. पहिली मुख्य फांदी साधारण एक तृतीयांश उंचीवर असावी, आणि वळणाच्या आतल्या पोटातून फुटलेलं काहीही ठेवू नका.

तार लावलेली असेल तर आज बघा, उद्या नाही. तीन वर्षांपूर्वी मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिल्या फांदीला अडीच मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार गुंडाळली, वाटलं चवथीला काढू. जुलैअखेर कुंडी साफ करताना फांदीवरून बोट फिरवलं तर तार बोटाला लागेचना, साल दोन्हीकडून फुगून तिच्यावर चढली होती. घाईत उलटी सोडवायला गेलो आणि साल पण घेऊन आली. ते स्प्रिंगसारखे वळ अजून आहेत, पाहुणे आले की मी ती बाजू भिंतीकडे करतो. तर तार कधीही उलगडायची नाही, कटरनं प्रत्येक आट्याला तुकडा पाडून काढायची, आणि पावसाळ्यात लावलीच तर दर आठवड्याला बघायची, चार-सहा आठवडे पुष्कळ झाले. तारेचं खरं काम नोव्हेंबर ते जानेवारी, तेव्हा वाढ संथ असते.

आता खोड. एल्मला कुंडीत जाडी येत नाही, आली तरी तुमची मुलं म्हातारी होतील. परसात जागा असेल तर रोप दोन-तीन वर्षं जमिनीत लावा, पण खड्ड्यात नाही, वीतभर उंच मातीचा ढीग करून त्यावर, कारण आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीत खड्डा म्हणजे विहीरच. ढिगात रोपाच्या मुळांच्या बरोबर खाली फुटक्या मंगळुरी कौलाचा सपाट तुकडा ठेवायचा. खाली जायला वाट नाही म्हटल्यावर मुळं चारी बाजूंनी आडवी पसरतात आणि पुढे बोन्साय उथळ ट्रेमध्ये बसवताना बुंधा पसरट, जमिनीला धरलेला दिसतो. कुळागरात लावू नका हं, पोफळीखालची सावली एल्मला फार होते, निदान अर्धा दिवस ऊन पाहिजे. जमीन नसेल तर भाजीचा प्लास्टिक क्रेट पण चालतो.

मापाचा अंदाज म्हणून बुंधा 5 सेंटीमीटर जाड तर झाड साधारण 30 सेंटीमीटर उंच, एकास सहा. बुंधा तेवढा भरला की खोड 10 सेंटीमीटरवर तिरकं कापायचं, हो, अख्खं झाड कापायचं, इथं सगळ्यांचा हात थरथरतो. जुन्या लाकडातून पण एल्म भरपूर फुटतो, त्यातला वरचा एक फुटवा नवा शेंडा म्हणून वाढवायचा, तो खालच्या खोडाच्या निम्म्यापेक्षा जास्त जाड झाला की परत कापायचा. असं दोन-तीनदा केलं की खाली जाड वर निमुळतं खोड तयार होतं, पाच-सात वर्षं धरून चाला. ही मोठी कापणी आत्ता करू नका, फेब्रुवारीत करा, म्हणजे फुटवे उन्हाळ्यात येतात आणि जूनपासून त्यांना पळायला पाऊस मिळतो. बागायतदारांच्या घरी मोरचूद-चुना असतोच, मोठ्या जखमेला 10 टक्क्यांची बोर्डो पेस्ट लावा, म्हणजे 10 लिटर पाण्याला एकेक किलो, आपल्याला अर्थातच वाटीभर पुरते.

कुंडी बदलणं जानेवारी अखेर. कोवळ्या झाडाची दोन वर्षांनी, जुन्याची तीन-चार वर्षांनी, एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं छाटायची नाहीत, आणि कुंडी बदलणं नि खोड कापणं एकाच वर्षी नको. छाटलेली पेन्सिलीएवढी मुळं फेकू नका, वरचं टोक जरा बाहेर ठेवून ओल्या वाळूत उभी रोवा, त्यातून नवी रोपं येतात, तयार बुंध्यासकट. मिश्रण म्हणाल तर चिऱ्याचा चुरा चाळून 2 ते 5 मिलिमीटरचे खडे, निम्म्यापेक्षा थोडे जास्त, बाकी विटेचे बारीक तुकडे आणि मूठभर कुजलेलं शेणखत. धूळ चाळून टाकायचीच, तीच मुळं गुदमरवते. नर्सरीतून आणलेल्या झाडाचा गोळा तर पहिल्यांदा तपासा, माझा पहिला एल्म वरून छान मिश्रणात होता आणि आत मुळांभोवती चिकण मातीचा लाडू, भर पावसाळ्यात कुजून गेला.

पुढच्या महिन्यात ऑक्टोबरचं ऊन येईल, पावसाळाभर पत्र्याखाली ठेवलेली झाडं एकदम बाहेर काढू नका, आठवडाभर सकाळचंच ऊन द्या. पाण्यासाठी कुंडीत उदबत्तीची काडी खोचून ठेवा, काढून बघा, ओली दिसली तर पाणी नको. सारखा पाऊस लागला की पानांवर काळे ठिपके येतात, ती पानं खुडून लांब टाका आणि पडलेली कुंडीत कुजू देऊ नका. खत आता सुरू करा, 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला 1 ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी, पेंड घालायची तर पावसाचा जोर पूर्ण ओसरल्यावर, नाहीतर अळ्या होतात. कळंगुट-मोरजीकडे समुद्राचा वारा लागतो त्यांनी संध्याकाळी पानं साध्या पाण्यानं धुवावीत, खारानं कडा जळतात.

आणि औषधाच्या बाबतीत जरा सांभाळून. फेब्रुवारीनंतर पानं धुळकट निस्तेज दिसली तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, ठिपके चालायला लागले तर ती कोळी कीड आहे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पानांची खालची बाजू तीन-चार दिवस धुतली की बहुतेक जाते. पिठ्या ढेकणाला निंबोळी तेल लिटरला 5 मिली, थोडा साबण घालून. मिरचीवर मारायला आणलेलं डायमेथोएट हे कीटकनाशक मात्र एल्मवर चुकूनही नको, झाड सगळी पानं टाकतं. कुणी मारलंच असेल तर झाड सावलीत न्या, पाणी कमी करा, खत बंद, आणि फांदी नखानं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर थांबा, परत फुटेल.